वच्छलाबाईंचा शिकायतीचा रविवार

पहिल्याच वर्षी मी तोंड उघडलं आणि अडकले.

तेव्हा मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या एका शाळेत गणित शिकवायला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. माहेर पांढुर्ण्याचं, त्यामुळे मुलूख नवा नव्हता. पण मोहगाव रस्त्यालगतच्या ज्या वस्तीत मी खोली घेतली होती, तिथं माझी कोणाशीच ओळखदेख नव्हती. सव्वीस जानेवारीला अख्ख्या मोहल्ल्याचं एकत्र जेवण असतं, तुम्हीही या, असं घरमालकीण सांगून गेली. शाळेचं झेंडावंदन आटोपून गेले तर पटांगणात पंगती लागलेल्या. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, नव्या तुरीचं वरण आणि भात. रोडग्यावरची राख फडक्यानं पुसायची, तो फोडायचा आणि वरून तूप सोडायचं. मी पोटभर जेवले. एकच गोष्ट खटकली. पाण्याचे ड्रम पार पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवले होते आणि म्हातारी माणसं "पानी आना ना" म्हणून ओरडून दमली होती. हात धुताना शेजारी एक ठेंगण्या बाई उभ्या होत्या. त्यांना मी सहज म्हटलं, "जेवण मस्त झालं, पण पाण्याचा पत्ता नाही."

"नाव काय तुमचं?" बाईंनी विचारलं.

"सुचिता. इथं शाळेत शिकवते."

"राह्यता कोनत्या घरी?"

मी सांगितलं. मला वाटलं, चहाला बोलावणार असतील.

पुढच्या रविवारी सकाळी त्या माझ्या दारात हजर झाल्या. बगलेत शाळेच्या हजेरीचं असतं तसलं लांबट रजिस्टर.

"मॅडम, पुढच्या सालचं पानी तुमच्याकडं आलं," त्या म्हणाल्या. "सोबत दोन मानसं घेजा. घरचं कोनी नाही चालत. अन् एक तरी असा पाह्यजे, का ज्याच्या घरी तुमी अजून चहा नाही पेल्या."

"पण मी तर नुसतं म्हटलं होतं हो!"

"हो जी. म्हनूनच तं."

आणि त्या पुढच्या घरी निघून गेल्या. मी दारात उभी राहून पाहतच राहिले. माझी आई मला लहानपणापासून भोचक म्हणते आणि ते खरंच आहे. ही बाई कोण, हिला हा अधिकार दिला कोणी आणि लोक हिचं ऐकतात तरी का, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

चौकशी केली तर फार काही निघालं नाही. वच्छलाबाई मुलींच्या शाळेत शिपाई होत्या. एकतीस वर्षं त्यांनी घंटा दिली, पाणी भरलं, वर्ग झाडले. नवरा लवकर वारला. मुलगा गौतम शिकला आणि नागपूरला नोकरीला लागला. त्या कुठल्या पक्षात नव्हत्या, नगरपालिकेत नव्हत्या, बचतगटाच्या अध्यक्षही नव्हत्या. चौकातल्या कुठल्याही फलकावर त्यांचा हात जोडलेला फोटो मी कधी पाहिला नाही. तरी पाण्याचे ड्रम पंगतीजवळ कसे आणायचे, यावर मी वर्षभर डोकं खाजवत बसले. का, ते माझं मलाच समजेना.

शेवटी एकदा त्यांच्याच अंगणात ठाण मांडलं. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या, मीही सोलायला बसले आणि सरळ विचारलं, "हे सुरू कसं झालं?"

"रागानं," त्या म्हणाल्या.

मग सांगू लागल्या. "झेंडा झाला, बुंदीची पुडी भेटली, का लोकं आपापल्या घरी. म्या म्हनलं, संविधान लागू झालं तो हा दिवस, अन् माह्या मोहल्ल्यातल्या अर्ध्या लोकाईनं बाकीच्या अर्ध्या लोकाईच्या घरी पान्याचा घोट नाही घेतला अजून. मंग कायचा सण? आमी सहा बायका उठलो अन् जेवन केलं. अन् जेवून उठल्यावर लोकं काय म्हनले, सांगू? तेल लय झालं. रोडगे कच्चे. याले अगुदर वाढलं, त्याले मांगून वाढलं. बसाले शिस्त नाही. त्या पाच जनी तं रडल्याच. पुन्हा या फंदात नाही पडत म्हने."

"आणि तुम्ही?"

"मले रडू नाही आलं. मले राग आला. शाळेतलं एक जुनं कोरं रजिस्टर होतं घरी. त्याच्यात म्या समदं लिहून काढलं. कोन काय म्हनला, नावासकट. म्हनलं, पुढच्या सव्वीस जानेवारीले माइकवर वाचून दाखवतो एकेकाची."

पण वर्षभर ते रजिस्टर पुन्हा पुन्हा वाचताना बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्याला जे खुपलं होतं, ते त्याला अगदी बारकाईनं दिसलं होतं. तेल जास्त झालं म्हणणाऱ्या बाईला किती जास्त, तेही माहीत होतं. दुसऱ्या जानेवारीत त्या पहिल्यांदा गेल्या पुंडलिकरावांकडे. पुंडलिकराव म्हणजे वस्तीतलं मोठं घर. संत्र्याचा बगीचा, ओसरीत झोपाळा आणि बोलण्यात रुबाब. "इथं बसायला काही शिस्त नाही," असं तेच म्हणाले होते. बाईंनी त्यांना रजिस्टर दाखवलं आणि सांगितलं, यंदा बसायची शिस्त तुमच्याकडे. पुंडलिकराव लालबुंद झाले. पण नाही कसं म्हणणार? शब्द त्यांचेच होते. बगिच्यातली दोरी आणून त्यांनी पटांगणात रेघा आखल्या आणि बसायच्या टाटपट्ट्या अशा सरळ घातल्या, की लोक जेवणाआधी त्याच बघत राहिले. सोबतची दोन माणसं निवडायला त्यांना रस्ता ओलांडून पलीकडच्या ओळीतल्या एका घरी जावं लागलं. त्या घरात त्या दिवशी ते पहिल्यांदा चहा प्याले.

तेव्हापासूनची ही रीत. जेवणानंतरचा रविवार हा शिकायतीचा रविवार. बाई घरोघरी जाणार, जो ज्याला नावं ठेवेल त्याच्याकडे पुढच्या वर्षी ते काम. आणि शिकायत खरी पाहिजे. बाई स्वतः चव घेत, स्वतः मोजून पाहत, मगच लिहीत.

हे मोजणं किती कडक होतं, ते मी दुसऱ्या वर्षी पाहिलं. पुंडलिकरावांनी यातून एक वाट काढली होती. टाटपट्ट्या घालायचं काम सकाळी अर्ध्या तासात उरकतं आणि मग पेपर वाचत बसता येतं, म्हणून ते दरवर्षी बसण्याचीच शिकायत करत. त्या वर्षी बाईंनी पंगतीच्या ओळी जेवणाच्या दिवशीच पावलांनी मोजून ठेवल्या होत्या.

"ओळी सरळ हायेत, पुंडलिकराव. शिकायत खोटी. लिहिल्या जात नाही."

"मंग माह्याकडं काम कोनतं?"

"काहीच नाही. तुमी पाहुन्यासारखे या, जेवा, जा."

मला वाटलं, म्हातारा सुटला एकदाचा. पण दोन दिवस ते घराबाहेरच पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाईंच्या अंगणात येऊन म्हणाले, लसूण नीट सोललेला नव्हता, माझ्या दातात टरफल आलं. बाईंनी घरात उरलेला लसूण काढून पाहिला. टरफलं होती. पुढच्या जानेवारीत पुंडलिकराव नाक पुसत पाच किलो लसूण सोलत बसले होते आणि इतके खूश मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. हे माझ्या गणितात बसत नव्हतं, पण डोळ्यांनी दिसत होतं.

अर्थात रीत म्हटली की पळवाटही आली. माझ्या तिसऱ्या वर्षी भाजी चक्क करपली. खालचा थर जळला आणि धुराचा वास सगळ्या भाजीला लागला. चारशे माणसांनी माना खाली घालून ती खाल्ली आणि उठताना प्रत्येक जण म्हणाला, "लय बढिया." का, तर तोंड उघडलं की पुढच्या वर्षीची भाजी गळ्यात. रविवारी बाई कोरं पान घेऊन घरोघर फिरल्या. माझ्या दारात आल्या आणि ते कोरं पानच माझ्यापुढं धरलं. "मोहल्ला खोटं बोलून राह्यला, मॅडम," त्या म्हणाल्या. मला राहवलं नाही. करपली होती म्हणून सांगून टाकलं. पुढची दोन वर्षं भाजी माझ्याकडे होती आणि वांगी चिरून चिरून माझी बोटं काळी पडली होती.

आता खऱ्या गोष्टीकडे येते. परवाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या जानेवारीत बाविसावं जेवण झालं. बाईंचे गुडघे तोवर पार गेले होते. शिकायतीच्या रविवारी त्यांनी घरोघर न जाता सगळ्यांना पटांगणातच बोलावलं आणि सांगितलं, की होळी झाली की गौतम मला नागपूरला नेणार आहे, कायमची.

"आता एक काम राह्यलं," त्या म्हणाल्या. "माहं. समद्याईले जोडून घ्याचं. बावीस सालात त्या कामाची कोनी शिकायत नाही केली, म्हनून ते कोनाकडं गेलं नाही. आता करा. ज्याची शिकायत, त्याच्याकडं जेवन."

पुंडलिकराव म्हणाले, "तुमच्यात काय खोट काढाची, बाई?" सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळे घरी गेले. दुसऱ्या रविवारी तेच. मला प्रश्न पडला, की हा मान आहे की भीती? माझ्या मते दोन्ही होतं, आणि थोडा कामचुकारपणाही. पण असंच चाललं असतं तर बावीस वर्षांचं जेवण तिथंच संपलं असतं, एवढं मात्र अगदी उघड होतं.

त्या दिवशी बाईंना घरापर्यंत सोडताना मी भोचकपणा केला. म्हटलं, "मावशी, खरं सांगा. हे बंद पडलं तर तुम्हाला आतून थोडं बरं वाटेल का? तुमच्याशिवाय झालं नाही म्हणून?"

त्या थांबल्या. माझ्याकडे इतक्या रागानं पाहिलं, की मी जीभ चावली. मग दारापर्यंत माझा हात सोडून चालल्या. कडी काढताना म्हणाल्या, "वाटन. थोडंसं वाटन. म्हनूनच मले ते बंद पडू द्याचं नाही."

तिसऱ्या रविवारी मालती उठली. मालती चौकात शिलाई मशीन चालवते आणि रोडग्यांचं काम बरीच वर्षं तिच्याकडे होतं. सुरुवातीच्या एका वर्षी ती बोलण्यात गुंगली आणि सव्वाशे रोडगे जळून गेले. वस्तीत नवीन माणूस आला, की बाई त्याला 'मालतीचे कोळसे' ही गोष्ट हमखास रंगवून सांगत. मी ती पाच वेळा ऐकली होती आणि पाचही वेळा हसले होते.

"माह्यी शिकायत हाय, बाई," मालती म्हणाली. "तुमी कोनाची चूक विसरत नाही. रजिस्टरात लिहिली, त्यानं काम केलं, का ती मिटली पाह्यजे. माहे रोडगे जळले त्याले चौदा सालं झाले. त्याच्यानंतर एक रोडगा नाही जळला. ते तुमी कोनाले सांगत नाही. नवीन मानूस आला का मालतीचे कोळसे. समदे हासते, मी बी हासतो. अन् घरी जाऊन मले रडू येते."

मला तर कुठं तोंड लपवावं असं झालं. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"मंग इतकी सालं काहून नाही बोलली व?" त्यांनी विचारलं.

"बोलली असती तं तुमचं काम माह्यावर आलं असतं ना."

कोणीतरी हसलं. मग मालतीच हसली, डोळे पुसत. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी रजिस्टर मांडीवर घेतलं आणि मालती जे बोलली ते शब्दान् शब्द लिहून काढलं. "खरी हाय," त्या म्हणाल्या. "चुकलं माहं, मालती." मग मान वर करून विचारलं, "अजून?"

बांध फुटल्यासारखं झालं. पुंडलिकराव म्हणाले, "तुमी समदं डोक्यात ठेवता. कोनाले कोनती डाळ चालत नाही, कोनाचं कोनाशी वाकडं हाय, कोन्या घरी बिमारी हाय. रजिस्टरात नुसत्या शिकायती, हे लिहून कायीच ठेवत नाही. उद्या आमी कोनाले विचाराचं?" एक सून म्हणाली, तुम्ही धाकट्या सुनांना कधी कढईजवळ येऊ दिलं नाही. मी म्हटलं, "बावीस वर्षांत तुम्ही एकदाही पंगतीत बसला नाहीत. चारशे माणसांना बसवता आणि स्वतः उभ्यानं खाता." सात जणांनी सात शिकायती केल्या. बाईंनी सातही लिहिल्या. दोन खोट्या म्हणून खोडाव्यात असा त्यांना मोह झाला असणार. पेन तिथं थांबला होता, पण खोडल्या नाहीत. आणि रीतीप्रमाणे त्यांचं काम आम्हा सात जणांवर आलं, रजिस्टर मालतीकडे.

होळीनंतर त्या गेल्या. बसमध्ये चढवून दिलं तेव्हा मी रडले आणि त्या मला ओरडल्या.

तेविसावं जेवण आम्ही केलं. सात माणसांत सात मतं, त्यामुळे भांडणं झाली, ती इथं सांगत बसत नाही. पण सव्वीस जानेवारीला गोवऱ्या वेळेवर पेटल्या, पाणी पंगतीजवळ होतं, आणि कढईवर धाकट्या सुना होत्या. साडेअकराच्या नागपूर गाडीनं बाई आल्या. गौतमनं त्यांना हाताला धरून आणलं. आल्या आल्या त्या सरळ आराकडे निघाल्या.

"बाई, तुमी बसा," मालती म्हणाली. "समदं झालं."

मग बाई कढईकडे वळल्या. तिथल्या सुनांनीही तेच सांगितलं. माझी शिकायत होती, म्हणून त्यांना पंगतीत बसवायचं काम माझं. मी त्यांना हात धरून पहिल्या ओळीत बसवलं, गुडघ्याखाली पोतं गुंडाळून दिलं आणि स्वतः शेजारी बसले. त्या इकडेतिकडे पाहत होत्या. ओळी पाहिल्या, पाणी पाहिलं, वाढपी पाहिले. मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा फुलेल. तो हळूहळू उतरत गेला.

"समदं बराबर हाय व, मॅडम," त्या हळूच म्हणाल्या.

"मग? बरं वाटत नाही का?"

"वाटून राह्यलं ना. अन् रडू बी येऊन राह्यलं. इथं मले काही काम नाही आता. पाहुनी झाली मी."

वर्षभर आम्ही ज्यासाठी धडपडलो, त्याचंच त्यांना दुखत होतं, आणि यात चूक कोणाचीच नव्हती. पत्रावळीवर रोडगा पडला, भाजी पडली. बाईंनी एक घास घेतला, सावकाश चावला आणि हात वर केला.

"मालती! वांगे कच्चे हायेत."

आजूबाजूचे घास थांबले. कढईजवळची सून घाबरून उठून उभी राहिली. मी माझ्या पत्रावळीवरचं वांगं तोंडात टाकलं. ते लोण्यासारखं शिजलं होतं.

मालती आली आणि उकिडवी बसली. तिनं बाईंच्या पत्रावळीवरची एक फोड उचलली, तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिली. तिनं बाईंकडे पाहिलं. बाईंची नजर पत्रावळीवरून हलेना. बावीस वर्षं खोटी शिकायत खोडून टाकणारी बाई मान खाली घालून बसली होती.

मालतीनं पदराला हात पुसला, रजिस्टर उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शिकायत खरी हाय. पुढच्या सालची भाजी वच्छलाबाईकडं. सोबत दोन मानसं सांगा, बाई. घरचं कोनी नाही चालत."

"अवं आई, तुह्ये गुडघे..." गौतम मागून म्हणाला. पुंडलिकरावांनी त्याला कोपरानं ढोसलं.

"एक पुंडलिकराव," बाई म्हणाल्या. "अन् एक ही मॅडम."

मालतीनं तिन्ही नावं लिहिली. भाजीची बादली पुढं चालली होती. बाईंनी वाढप्याला हाक मारून मागं बोलावलं आणि ती कच्ची वांगी आणखी दोन पळ्या वाढून घेतली.